निवृत्तीनंतर बाबांचं मन कशातच लागत नाही: जगण्याचा उद्देश आणि तब्येत यांचं नातं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मशीन मेंटेनन्सला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, आम्ही दोघं भावंडं मार्गी लागलो. आयुष्यभर खूप कष्ट केले म्हणून आम्ही त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला, सहलीला पाठवलं, घरातलं एकही काम त्यांच्यावर ठेवलं नाही. तरी ते दिवसेंदिवस मिटत चाललेत. उशिरा उठतात, दिवसभर बातम्या आणि मोबाइल, आईवर चिडचिड. भजनी मंडळात जाणंही सोडलं. मागच्या तपासणीत शुगर वाढलेली निघाली. आयुष्याला उद्देश असला की माणूस निरोगी राहतो, जास्त जगतो असं वाचलं. हे खरं आहे का? असेल तर बाबांना उद्देश द्यायचा कसा? आणि मनातलं सांगायचं तर, माझ्या स्वतःच्या जगण्याला तरी काय उद्देश आहे असं मलाही हल्ली वाटतं.”

तुम्ही उद्देशाबद्दल विचारलं आहे, पण मी आधी तब्येतीबद्दल बोलणार आहे. निवृत्त माणूस असा मिटला की घरचे म्हणतात, रिकामपणामुळे होतंय. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण कशातच मन न लागणं, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी सुटणं, झोपेचं तंत्र बिघडणं, सतत चिडचिड ही नैराश्याचीही लक्षणं आहेत. साठीच्या पुढच्या पुरुषांमध्ये नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसतं. ते रागातून दिसतं, अंगदुखीतून दिसतं, ‘मला काही झालेलं नाही, तुम्ही माझ्या मागे लागू नका’ यातून दिसतं. ही लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

त्याबरोबर रक्ताच्या तपासण्याही करून घ्या. थायरॉइड आणि बी-१२ नक्की बघा. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि घर शाकाहारी असेल तर ही शक्यता आणखी वाढते. बी-१२ कमी झालं की थकवा येतो, विसरायला होतं, मन उदास राहतं, आणि घरच्यांना वाटतं की बाबा आळशी झाले. कानही तपासा. तुम्ही भजनी मंडळाचं लिहिलंत तेव्हा माझ्या मनात पहिली शंका तीच आली. पेटी, पखवाज आणि टाळांच्या गजरात शेजारचा काय म्हणतोय ते कळेनासं झालं की माणूस हळूच जाणं सोडतो. कारण मात्र सांगत नाही, ‘आता तिथे पूर्वीसारखी मजा नाही’ एवढंच म्हणतो. कमी ऐकू येणं ही पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी गोष्ट आहे, म्हणून त्याकडे वयाचा भाग म्हणून पाहू नका. शिवाय कशातही रस न उरणं ही कधीकधी स्मृतिभ्रंशाची पहिली खूण असते. तेही डॉक्टरांना बघू द्या.

नैराश्य निघालं तर आधी त्याचे उपचार. नैराश्यातल्या माणसाला ‘आयुष्यात काहीतरी ध्येय ठेवा’ असं सांगितलं की त्याच्या डोक्यावर आणखी एका अपयशाचं ओझं चढतं. मी हे वारंवार पाहते. घरचे चांगल्या हेतूने प्रेरणादायी व्हिडिओ पाठवत राहतात आणि तो माणूस आणखी खोल जातो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. संबंध खरा आहे आणि तो वेगवेगळ्या देशांत, हजारो माणसांवर तपासला गेला आहे. सुख म्हणजे मजेत वाटणं आणि आयुष्यावर समाधानी असणं, असंच संशोधक बरीच वर्षं मोजत होते. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी वेगळी मांडणी केली. माणसाचं मन ठीक आहे म्हणजे नेमकं काय, याची त्यांनी सहा अंगं सांगितली: स्वतःला स्वीकारणं, माणसांशी चांगले संबंध, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणं, रोजचा व्यवहार पेलता येणं, माणूस म्हणून वाढत राहणं आणि जगण्याला उद्देश असणं. वय वाढतं तसं ही सगळी अंगं सारखी घसरत नाहीत, हे त्यांच्या आणि पुढच्या कामातून दिसलं. व्यवहार पेलण्याची हातोटी टिकते, कधी वाढतेही. उद्देश आणि वाढ ही दोन मात्र उतारवयात सरासरीने खाली येतात. तुमच्या बाबांचं जे झालंय ते त्यांच्या एकट्याचं नाही.

शिकागोतल्या रश विद्यापीठात वृद्धांच्या स्मरणशक्तीवर एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या नऊशेहून अधिक, स्मृतिभ्रंश नसलेल्या ज्येष्ठांची माहिती घेऊन पॅट्रिशिया बॉयल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. उद्देशाची जाणीव ज्यांच्यात खूप जास्त होती, त्यांची अल्झायमरपासून मुक्त राहण्याची शक्यता ती खूप कमी असणाऱ्यांपेक्षा सुमारे २.४ पट होती. दोनच वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा काही जणांच्या मेंदूत अल्झायमरचा बिघाड भरपूर दिसला. पण बिघाड तेवढाच असूनही, ज्यांना हयातीत उद्देश जास्त जाणवत होता त्यांची विचारशक्ती अधिक टिकून होती. म्हणजे आजार टळला नाही तरी तो पेलायची ताकद त्यांच्याकडे जास्त होती.

जपानमध्ये ओसाकी भागात चाळीस हजारांहून अधिक लोकांना एकच साधा प्रश्न विचारला गेला: तुमच्या आयुष्यात ‘इकिगाई’, म्हणजे जगावंसं वाटायला लावणारं काही, आहे का? पुढची सात वर्षं त्यांचा मागोवा घेतला. ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. त्यातला तपशील बोलका आहे: हा फरक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांत, विशेषतः पक्षाघातात, आणि अपघात-आत्महत्येसारख्या बाह्य कारणांत दिसला, कर्करोगात दिसला नाही. २०१६ मध्ये अशा दहा अभ्यासांची, मिळून १,३६,२६५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. उद्देश जास्त जाणवणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका साधारण १७ टक्क्यांनी कमी होता.

हे आकडे वाचून भारावून जाऊ नका. यातले बहुतेक अभ्यास लोकांकडे नुसतं पाहत राहण्याचे आहेत. ज्याची तब्येत आधीच खालावलेली आहे त्याला उद्देशही कमी जाणवणार, हे उघड आहे. संशोधक वय, आजार, शिक्षण, नैराश्य हे सगळं हिशेबात धरतात आणि तरीही फरक उरतो. पण उद्देश आला की आयुष्य वाढलंच, असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी त्यातून एवढंच घेते की शुगर-बीपीची जशी विचारपूस करतो तशी याचीही करावी.

हे घडतं कसं, हे मात्र रोजच्या जगण्यात सहज दिसतं. ज्याला सकाळी सातला कुठेतरी पोचायचं आहे तो रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत बसत नाही. ज्याला चार माणसांत जायचं आहे तो दाढी करतो, अंघोळ वेळेवर करतो, चालतो, भूक लागली की जेवतो. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांना उद्देश जास्त जाणवतो ते कोलेस्टेरॉल आणि कर्करोगाच्या तपासण्या वेळच्या वेळी करून घेतात आणि रुग्णालयात कमी रात्री काढतात. स्वतःला जपायला काही कारण लागतं. ‘तुमच्याच तब्येतीसाठी सांगतोय’ हे कारण बहुतेक माणसांना पुरत नाही. तुमच्या बाबांना साखर सोडायला सांगून काही होत नसेल, तर त्याचं मूळ इथे असू शकतं.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते सांगते. बाबांना उद्देश कसा द्यायचा असं तुम्ही विचारलंत. तो देता येत नाही. पण तो काढून घेता येतो, आणि आपल्या घरांमध्ये तो प्रेमापोटी काढून घेतला जातो.

सिन्नर-निफाडकडच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तो तुम्ही पाहिला असेल. सप्ताहभर वीणा खाली टेकवायची नसते. पहारे वाटून दिलेले असतात. मध्यरात्रीनंतर दोनचा पहारा ज्याच्या नावावर, त्याने थंडी असो की पाऊस, मंडपात यायचंच, कारण तो आला नाही तर आधीचा विणेकरी वीणा गळ्यात घेऊन तसाच उभा राहणार. त्या पहाऱ्याला सत्तरी ओलांडलेले आजोबा मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन वेळेआधी येऊन बसलेले असतात. एरवी त्यांचे गुडघे दुखतात, रात्री झोप लागत नाही अशी त्यांची तक्रार असते. तुमच्या आयुष्याचा उद्देश काय, असं त्यांना कुणी विचारलेलं नसतं आणि विचारलं तर त्यांना सांगताही येणार नाही. त्यांना एवढंच ठाऊक असतं की आपण गेलो नाही तर कुणीतरी अडून राहील.

माझ्या कामात मला उद्देश बहुतेक वेळा याच रूपात भेटला आहे. कुणाचं तरी माझ्यावाचून अडतं, आणि जे अडतं ते करायचं कसब माझ्या हातात आहे. दोन्ही लागतात. नुसतं अडणं असेल आणि कसब नसेल तर माणूस घाबरतो. नुसतं कसब असेल आणि कुणाचंच अडत नसेल तर तो झिजतो.

तुमचे बाबा ज्या कामात होते तिथे मशीन बंद पडलं की त्यांना बोलावणं यायचं. ते येईपर्यंत बाकीचे थांबायचे. ही गोष्ट तीस वर्षं, रोज. मग एक दिवस हार, शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावाचून कुणाचंच अडेना. तिकडे हे झालं आणि इकडे घरात आपण काय करतो? ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते.’ ‘लाइटबिल मी मोबाइलवरून भरलं.’ ‘सिलिंडर बुक झालाय.’ ‘शिडीवर चढू नका, इलेक्ट्रिशियनला फोन केलाय.’ ‘आता आराम करा.’ प्रत्येक वाक्य मायेचं आहे. सगळी मिळून बाबांना एकच गोष्ट सांगतात, की आता तुमचं काम नाही.

तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आई-वडिलांना विसावा मिळावा असं वाटणं ही आपल्याकडची मोठी चांगली गोष्ट आहे. फक्त विसावा कष्टांपासून हवा, जबाबदारीपासून नको. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या रहिवाशांना कुंडीतलं रोप देऊन सांगितलं, हे तुमचं, याची काळजी तुम्ही घ्यायची, आणि इतरही छोटे निर्णय तुमचे तुम्ही घ्या. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण त्यांना पाणी कर्मचारी घालणार होते. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी झालेली दिसली. प्रयोग लहान होता, त्याच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. पण दिंडोरी, निफाड, नाशिकरोड कुठल्याही घरात मला तेच दिसत आलं आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सत्तरीच्या आसपासचं वय. अँजिओप्लास्टी झाली आणि मुलाने बाग पूर्णपणे आपल्या हाती घेतली. मुलगा हुशार, कष्टाळू, वडिलांवर जीव असलेला. त्याने त्यांना बागेत पाय ठेवायला बंदी केली. वर्षभरात काकांचं वजन उतरलं, बोलणं कमी झालं, सोप्यातल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली होती, तिचा थोडा उपयोगही झाला होता. झोप सुधारली, पण उमेद येईना.

मी मुलाला विचारलं, बागेतलं असं कोणतं काम आहे जे काका तुझ्यापेक्षा चांगलं करतात? तो पटकन म्हणाला, “डाऊनी ओळखणं.” ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर नवी फूट कोवळी असते. त्यात पाऊस झाला, सकाळी दव धरलं की डाऊनी येते. पानावर आधी तेलकट पिवळट डाग दिसतो, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. उशीर झाला तर घडावर जाते आणि सगळं पीक धोक्यात. काकांना तो डाग इतर कुणाच्याही आधी दिसायचा. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठे वारा खेळत नाही, हे त्यांना पाठ होतं.

हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन ठरवलं की फवारणी, ट्रॅक्टर, ओझं यातलं काहीही काका करणार नाहीत. पण बागेतला एक प्लॉट त्यांचा. रोज सकाळी फेरी मारायची, पानं उलटून बघायची, वहीत लिहायचं, आणि त्या प्लॉटला आज फवारणी घ्यायची की नाही हे काकांनीच ठरवायचं. मुलाला हे शेवटचं फार जड गेलं. “त्यांना नुसती फेरी मारू द्या, निर्णय मी घेतो,” असं तो म्हणत होता. मी हटून बसले, कारण सगळं त्यातच होतं. निर्णय मुलाचा असता तर ती फेरी म्हणजे सकाळचा व्यायाम झाली असती, आणि व्यायामाला तर ते आधीच नकार देत होते.

सुरुवातीला काका कुरकुरत गेले. मग वहीत नुसत्या ‘ठीक’ऐवजी दोन-दोन ओळी यायला लागल्या. पुढच्या एका भेटीत त्यांनी बराच वेळ मुलाचं ड्रिपचं वेळापत्रक कसं चुकतंय यावर मला ऐकवलं. आवाज चढला होता, हातवारे चालू होते. मुलगा कानकोंडा होऊन बसला होता आणि मला मनापासून आनंद झाला होता. ज्याला कशाचंच काही वाटत नव्हतं तो माणूस बागेवरून भांडत होता. पुढे त्यांची नैराश्याची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. हृदयाची औषधं अर्थातच चालू आहेत.

तुमच्या बाबांकडे येऊ. त्यांना छंद लावायचा प्रयत्न करू नका. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या, हास्यक्लब, सहली, हे सगळं चांगलं आहे आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जरूर करावं. पण तिथे बाबा गेले नाहीत तर कुणाचं काही अडत नाही. त्यांनी आयुष्यभर मशीन ऐकलं आहे. मेंटेनन्सच्या जुन्या माणसांना बेअरिंग जातंय की बेल्ट सैल झालाय हे आवाजावरून कळतं. ते कान, ते हात अजून आहेत. तुमच्या सोसायटीत पाण्याचा पंप असेल, लिफ्ट असेल, जनरेटर असेल. त्याच्या देखभालीची वही कुणी ठेवतं का? बहुतेक ठिकाणी कुणीच ठेवत नाही, पंप जळाला की धावाधाव होते. सातपूर-अंबडला लहान वर्कशॉप आहेत जिथे मोठ्या पगारावर अनुभवी माणूस ठेवणं मालकाला परवडत नाही, पण आठवड्यातून दोनदा येऊन पोरांना दाखवणारं कुणी मिळालं तर हवंच असतं. आयटीआयला शिकणारी ओळखीपाळखीची मुलं असतात. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावरच्या देवराईसारख्या ठिकाणी पाइपलाइन आणि मोटारीची कामं निघतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात किती हात लागणार आहेत ते तुम्हीच बघता आहात. यातलं नेमकं काय, हे मी ठरवू शकत नाही आणि तुम्हीही ठरवू नका. दोन-तीन दारं उघडी करून द्या, आत कुठल्या दारातून जायचं ते बाबा बघतील.

विचारताना ‘तुमचा वेळ जाईल’ असं चुकूनही म्हणू नका. ते लगेच ओळखतील की हे आपल्याला गुंतवून ठेवायला काढलेलं आहे, आणि त्या अपमानापेक्षा टीव्ही बरा. खरंच अडलेलं काम घेऊन जा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः येऊन विचारलं तर तुमच्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. सुरुवात लहान ठेवा: आठवड्यातला एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ आणि वाट पाहणारं एक माणूस. आधी मनात उत्साह येईल आणि मग ते उठतील, अशी वाट बघत बसू नका. नैराश्याच्या उपचारात एक पद्धत अशीच आहे की आधी कृती ठरवायची, मन मागून येतं. पहिले काही आठवडे मन येणारच नाही, ते चेहरा पाडूनच जातील. चालेल.

सगळ्यात अवघड भाग तुमच्यासाठी आहे. एकदा काम त्यांचं म्हटलं की ते त्यांचंच. त्यांनी वहीत नोंद केली नाही म्हणून तुम्ही गुपचूप केलीत, चुकलं तिथे मागून दुरुस्त केलंत, तर पुन्हा तेच सुरू झालं. चुकण्याची मुभा नसेल तर ती जबाबदारी उरत नाही. घरातही दोन-तीन कामं त्यांच्याकडे परत द्या आणि विसरून जा. मोबाइलवरून बिल भरायला शिकायचं असेल तर शिकवा, पण भरू त्यांना द्या.

नातवंडांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगते, कारण पुष्कळ घरांत हाच पहिला उपाय सुचतो. नातवंडं सांभाळणं काहींना अतिशय आवडतं. पण न विचारता अंगावर टाकलेलं काम, कितीही गोड असलं तरी, उद्देश होत नाही. स्वतः निवडलेलं असणं ही त्यातली मोठी अट आहे. बाबांना नको असेल तर त्यांना ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

आणि आईकडे लक्ष द्या. घरातली बाई निवृत्त होत नाही, तिचा दिवस पूर्वीसारखाच चालू असतो. त्यात आता दिवसभर घरात बसलेला माणूस फोडणीत काय घालायचं ते सांगायला लागतो. बाबांच्या चिडचिडीमागे बरंचसं हे असतं: बाबांचं राज्य गेलं आणि ते आईच्या राज्यात शिरले. बाबांना स्वतःचं काम मिळालं की आईलाही मोकळा श्वास घेता येईल. तोवर आईला रोज थोडा वेळ घराबाहेर, तिच्या मैत्रिणींत जाता येईल असं बघा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका, की उद्देश आला की बाबा हसतमुख होतील. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं की आनंदी असणं आणि आयुष्य अर्थपूर्ण वाटणं या बऱ्याच अंशी एकत्र जाणाऱ्या, पण वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थपूर्ण आयुष्यात काळजी, ताण जास्त असू शकतो. बाग सांभाळणाऱ्याला पावसाची धास्ती असणारच. पंप बंद पडला की बाबा पुन्हा अस्वस्थ होतील, रात्री उठून टाकी बघतील. तेव्हा ‘तुम्हाला कशाला हवा हा ताप’ असं म्हणण्याचा मोह आवरा.

उलट बाजूही आहे. काही माणसं जुन्या पदाला इतकी चिकटून असतात की निवृत्तीनंतरही रोज जुन्या सहकाऱ्यांना फोन करून काय चुकतंय ते सांगत राहतात, आणि कुणी ऐकलं नाही की दुखावतात. कार्स्टन व्रोश यांनी यावर बरंच काम केलं आहे. जे ध्येय आता हाती लागणं शक्य नाही ते सोडून देता येणं, आणि त्याच्या जागी नवं काही हाती धरता येणं, या दोन्ही गोष्टींचा मनःस्वास्थ्याशी संबंध आढळतो. बाबांना आधी प्रेस सोडल्याचं दुःख मोकळेपणाने बोलू द्या. दोन वर्षांत त्यांना कुणी विचारलंय का, की तिथलं काय आठवतं? कोणतं मशीन त्यांनी उभं केलं, कोणत्या रात्री ते घरी आले नाहीत? एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद करून विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

शेवटी तुमच्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टीगर यांनी २००६ मध्ये एक छोटी प्रश्नावली तयार केली, त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: आयुष्यात अर्थ आहे असं वाटणं, आणि अर्थाचा शोध चालू असणं. शोध चालू असणं हा आजार नाही. तरुण वयात तो जास्त असतो, तेच स्वाभाविक आहे. शोध जाचायला लागतो तो अर्थ अजिबात जाणवत नाही तेव्हा, आणि सोबतच्या सगळ्यांना तो सापडलाय असं वाटायला लागतं तेव्हा. तुमचं पत्र वाचून तुम्हाला उद्देश नाही असं मला वाटलं नाही. नोकरी सांभाळून, वडिलांच्या शुगरचा रिपोर्ट लक्षात ठेवून, आईची होणारी कुचंबणा ओळखून तुम्ही हे सगळं लिहून काढलंत. पण हे सगळं तुम्ही निवडलंय की तुमच्यावर येऊन पडलंय, हा प्रश्न मी तुम्हाला विचारेन. तुमचं दुसरं भावंड यात किती आहे? तुमचं स्वतःचं, घराशी संबंध नसलेलं, असं आठवड्यात काय आहे? माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी चाळिशीत मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पूर्ण केली. त्या पदवीने त्यांची नोकरी बदलली नाही. पण रविवारी सकाळी त्या वेळेत त्यांना कुणी हाक मारायची नाही, हे घराने मान्य केलं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फरक तिथून पडला. तुमच्यासाठी ते काय असेल, त्याचं उत्तर लगेच मिळणार नाही. बाबांना जे सांगितलं तेच तुम्हालाही लागू आहे. विचार करत बसण्याऐवजी एक लहान गोष्ट हातात घ्या, जिथे तुमची वाट पाहणारं कुणीतरी आहे.

या आठवड्यात मात्र डॉक्टरांची वेळ घ्या. बाबांच्या बोलण्यात ‘आता जगून काय करायचं’, ‘मी गेलो तर तुम्ही सुटाल’ असं काही आलं तर थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तिथे बोलू शकता. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि शुगरचे जुने रिपोर्ट बरोबर घ्या, आणि निदान थोडा वेळ बाबांना एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्या. मुलांसमोर वडील ज्या गोष्टी बोलत नाहीत, त्या तिथे बोलतील.